पायांना वेळ, डोक्याला बळ

दूध तापत ठेवलं आणि विसरलं. कपाट उघडलं, पण कशासाठी ते आठवेना. शेजारणीच्या सुनेचं नाव अगदी ओठावर येऊन अडकलं. हळदीकुंकवाला पंचेचाळिशीच्या आसपासच्या दहाजणी जमल्या, की यातलं काही ना काही प्रत्येकीकडे असतंच. 'वय झालं बाई आपलं!' असं म्हणून आपण हसण्यावारी नेतो. पण रात्री झोप येत नाही तेव्हा मनात वेगळाच विचार घोळत असतो. आपलं डोकं कामातून तर जात नाही ना? म्हातारपणी आपण पोरांनाही ओळखणार नाही का? घरच्यांना या भीतीचा पत्ता नसतो. ते आपले म्हणतात, 'आईचं हल्ली लक्षच नसतं.'

मैत्रिणींनो, यात लक्ष नसण्याचा प्रश्न नाही आणि वेड लागण्याचाही नाही. पाळी जाण्याच्या दिवसांत अंगातून वाफा येतात, चिडचिड होते, हे आता बहुतेकींना ठाऊक आहे. पण पाळीशी संबंधित इस्ट्रोजेन हे हार्मोन मेंदूतही काम करतं, हे आपल्याला कुणी फारसं सांगितलेलं नसतं. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे. नवी गोष्ट लक्षात ठेवायला तो लागतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना १९९० मध्ये उंदरांच्या माद्यांमध्ये एक नवल दिसलं. त्यांच्या चार-पाच दिवसांच्या चक्रात हे हार्मोन वर-खाली होतं, तसे या भागातल्या पेशींचे एकमेकींशी जोडणारे बारीक कोंबही वाढतात आणि कमी होतात. मग चाळिशीनंतर आपलं हार्मोन कधी चढतं, कधी उतरतं, तेव्हा मेंदूला थोडा गोंधळ होणारच की!

दिलासा असा, की हा गोंधळ बहुधा कायमचा नसतो. अमेरिकेत २,३६२ स्त्रियांची काही वर्षं पुन्हा पुन्हा चाचणी घेतली गेली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तीच चाचणी परत दिली की सरावाने गुण थोडे वाढतात. पाळी अनियमित होण्याच्या काळात ही वाढ अडखळली. पाळी पूर्ण गेल्यानंतर ती पुन्हा दिसू लागली. म्हणजे मेंदू वाटेत जरा दमतो आणि मग सावरतो.

'मग हार्मोनची गोळीच घेतली तर?' असं कुणी विचारील. वाफा, झोप न लागणं अशा त्रासांसाठी डॉक्टर तपासून ती देतात, ते वेगळं. पण स्मरणशक्तीसाठी तिच्या मागे लागू नये. अमेरिकेतच ६५ वर्षांवरच्या स्त्रियांना दोन हार्मोनची एकत्र गोळी देऊन पाहिली, तेव्हा स्मृतिभ्रंशाचा धोका घटण्याऐवजी सुमारे दुप्पट झालेला २००३ मध्ये आढळला.

याउलट एक उपाय बिनखर्चाचा आहे. भरभर चालणं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालला. दुसऱ्याने नुसते अंग ताणायचे व्यायाम केले. वर्षभराने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला होता, दुसऱ्यांचा १.४ टक्के घटला होता. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत इतका ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण स्वीडनमधल्या गोथेनबर्ग शहरातली हकिगत आपल्या जास्त जवळची आहे. तिथे १९६८ मध्ये ३८ ते ६० वयाच्या १९१ बायकांना दमेपर्यंत व्यायामाची सायकल चालवायला लावली आणि मग ४४ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांचा दम कमी होता, त्यांच्यातल्या ३२ टक्के जणींना पुढे स्मृतिभ्रंश झाला. मध्यम दमाच्या गटात २५ टक्के आणि चांगला दम असलेल्यांत फक्त ५ टक्के. एवढ्यावरून सारं श्रेय व्यायामालाच देता येत नाही. तरी मध्यम वयातला दम आणि म्हातारपणातलं डोकं यांचं नातं दिसतं ते दिसतंच.

आता लगेच उत्तर येईल, 'आम्हाला कशाला व्यायाम? दिवसभर घरकामात होतोच की!' माझं मत इथे थोडं वेगळं आहे. घरकामात कष्ट आहेत, कंबर मोडते, यात वाद नाही. लांबून पाणी आणणाऱ्या, रानात राबणाऱ्या बाईला व्यायाम कर म्हणणं ही तर थट्टा होईल. तिला हवी विश्रांती आणि पोटभर अन्न. पण मिक्सर, गॅस आणि नळ घरात असलेल्या आपल्यापैकी अनेकींचं काम ओट्यापाशी उभ्याउभ्याने होतं. थकवा येतो, दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा दम लागेल अशी हालचाल करा म्हणते. खूण सोपी आहे. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

अडचण पायांची नाहीच, वेळेची आहे. नवरा सकाळी फिरायला गेला तर तो 'तब्येतीला जपतो'. बायको गेली तर 'हिला बरं सुचतं!' लहान गावात तर बूट घालून निघालेल्या बाईकडे चार माना वळतात. शाळेचं पटांगण संध्याकाळी कुलूपबंद असतं, रस्त्यावर दिवे नसतात, कुत्री मागे लागतात. म्हणून म्हणते, एकटीने निघू नका. भिशीतल्या, बचत गटातल्या चौघी मिळून निघा. पटांगण उघडं ठेवा, दिवे लावा, असा अर्ज वीस सह्यांनिशी नगरपरिषदेत द्या. लग्नाच्या वरातीसाठी रस्ता अडवता येतो, मग बायकांना चालायला तो मोकळा का मिळू नये?

आणखी एक. विसरणं फार वाढलं, ओळखीचा रस्ता चुकू लागला, रोजचा हिशेब जमेना, तर पाळीवर ढकलून गप्प बसू नका. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. रक्तच कमी असेल तर डोकं तरतरीत राहणार कसं? गुडघे किंवा छातीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच चाल वाढवा.

घरातल्यांनाही एक सांगणं आहे. आई विसरते म्हणून तिची टिंगल करण्यापेक्षा संध्याकाळचा चहा तुम्ही टाका आणि तिला अर्धा तास बाहेर जाऊ द्या. आणि तुम्ही, मैत्रिणींनो, तो अर्धा तास मागताना ओशाळू नका. सगळ्यांच्या औषधांच्या वेळा, परीक्षांच्या तारखा, पाहुण्यांच्या आवडीनिवडी ज्या डोक्यात वर्षानुवर्षं साठवल्या, त्या डोक्याचा एवढा हक्क नक्कीच आहे.