निरोप परक्याचा, पत आपली

मोबाइलने आमचे भले केले की वाटोळे, हा वाद हल्ली रत्नागिरीतील घराघरांत रोज निघतो आणि रोज अनिर्णित राहतो. वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे असे की, या यंत्राने मुलांच्या हातची पुस्तके हिसकावली आणि घरातील बोलणे बंद पाडले. तरुणांचे उत्तर असे की, सकाळी देवाचे नाव घेण्यापूर्वी सुविचारांसह फुलांची चित्रे साऱ्या गोतावळ्यास धाडणारे हात तरुणांचे नसतात! दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु आमच्या मते मुख्य प्रश्नाला दोघेही बगल देत आहेत. यंत्र चांगले की वाईट, हा तो प्रश्न नव्हे. त्या यंत्रावरून जो मजकूर आपण पुढे धाडतो त्याची जबाबदारी कोणाची, हा तो प्रश्न होय.

मोबाइल ही चैनीची वस्तू आहे असे म्हणण्याची सोय निदान कोकणाला तरी राहिलेली नाही. अर्धे घर गावी आणि अर्धे मुंबईला, ही या जिल्ह्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एके काळी मनीऑर्डर आणि तिच्या कुपनावर लिहिलेल्या दोन ओळी यांवर येथील चुली पेटत आणि मनेही तग धरीत. आज ते काम मोबाइल करतो. त्याचे मोल काय, हे तो बंद पडला तेव्हा कळले. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने मंडणगड आणि दापोली तालुक्यांस झोडपले. वीज गेली, मनोरे निकामी झाले आणि कित्येक गावे जगापासून तुटली. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडाले, तेव्हा मुंबई-पुण्यातील नातलगांनी आपली माणसे सुखरूप आहेत की नाहीत या घोरात रात्र काढली. या अनुभवानंतर मोबाइलच्या नावाने बोटे मोडणे हे कृतघ्नपणाचे होईल.

परंतु ज्या वाटेने धीर येतो त्याच वाटेने अनर्थही येतो, हे महाराष्ट्राने डोळ्यांदेखत पाहिले आहे. मुले पळविणाऱ्या टोळ्या हिंडत असल्याचे निरोप २०१८ च्या उन्हाळ्यापासून व्हॉट्सॲपवरून फिरत होते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने त्याच संशयावरून ठार मारले. दोन वर्षांच्या आतच, १६ एप्रिल २०२० रोजी, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांनी बिथरलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचे प्राण घेतले. राईनपाड्याच्या जमावाने ज्यांना मारले ते तर पिढ्यान्‌पिढ्या दारोदार फिरणारे, ज्यांना आपल्या आजीने मूठभर धान्य घातले असे लोक होते. ही ओळख पुसून टाकण्याचे सामर्थ्य एका निनावी निरोपात आले कोठून?

आमचे उत्तर असे की, ते सामर्थ्य निरोपाचे नसून निरोप पोहोचविणाऱ्याचे होते. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी इसमाने सांगितलेली गोष्ट आपण सहसा खरी मानीत नाही. परंतु तीच गोष्ट मामांनी, शेजाऱ्यांनी किंवा जुन्या गुरुजींनी धाडली की शंका घेणे उद्धटपणाचे वाटते. मजकूर असतो परक्याचा, पत खर्च होते ती आपल्या माणसाची. सावकारी व्यवहारात हुंडीच्या पाठीवर सही करणारा माणूस तिच्या रकमेला जबाबदार धरला जाई. म्हणून सही करण्यापूर्वी तो हुंडी उलटसुलट करून पाही. आपण मात्र दिवसाकाठी वीस हुंड्यांवर सही करतो आणि ‘मी फक्त पुढे पाठविले’ म्हणून हात झटकून मोकळे होतो. हे ‘फक्त’च आजच्या अनर्थाचे मूळ आहे.

छापील मजकुराच्या बाबतीत समाजाने हा प्रश्न फार पूर्वी सोडविला. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव घालणे सक्तीचे केले. मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली असली, तरी कोणाच्या जबाबदारीवर काय छापले हे वाचकाला आजही वृत्तपत्राच्या अंकावरच वाचावयास मिळते. या नावाची किंमत काय असू शकते, हे टिळक आळी ज्या गावात आहे त्या गावाला सांगावयास नको. ‘केसरी’तील लेखांबद्दल १९०८ साली लोकमान्यांवर खटला झाला, त्यांनी त्या मजकुराची जबाबदारी अंगावर घेतली आणि सहा वर्षांची शिक्षा भोगण्यास ते मंडालेस गेले. रोजच्या निरोपासाठी कोणी तुरुंगात जावे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या हातून गेलेला मजकूर आपला मानावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

यावर कोणी म्हणतील, हे काम कायद्याने व कंपन्यांनी करावे. कंपन्यांनी काही केले, हे मान्य केले पाहिजे. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली आणि २०२० साली वारंवार फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आणली. परंतु तेथील मजकूर धाडणारा आणि घेणारा यांखेरीज कंपनीलाही वाचता येत नाही, अशी त्याची रचना आहे. तेव्हा खऱ्याखोट्याची निवड कंपनी करील ही आशा व्यर्थ आहे. सरकारच्या हाती याहून मोठा दांडा द्यावा, तर त्याचाही अनुभव गाठीशी आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर शंका व्यक्त केल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला, आणि ती केवळ पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला, पोलिसांनी अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले, ते उगाच नव्हे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव वाढला तेव्हा इंटरनेटच बंद ठेवण्यात आले. म्हणजे अफवेबरोबर वैद्याला बोलावणारा निरोपही अडला. ज्या जिल्ह्याने निसर्ग वादळातील मुकेपणा भोगला आहे, त्याने तरी असल्या उपायाला टाळ्या वाजवू नयेत.

संकटाच्या वेळी खातरजमा करीत बसावे काय, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील धरण खरोखरच फुटले आणि झोपेतील माणसे वाहून गेली. तेथे घटकाभर आधी मिळालेली सूचना प्राण वाचविणारी ठरली असती. परंतु म्हणूनच खोटी आवई अधिक घातक आहे. ‘धरण फुटले’ अशी हाकाटी पावसाळ्यात तीनदा खोटी ठरली, तर चौथ्यांदा खरी असूनही कोणी अंथरुणातून उठणार नाही. ज्या प्रदेशात सूचनेवर जीव अवलंबून आहेत, तेथे सूचनेची पत सांभाळणे ही गावाची तटबंदी सांभाळण्याइतकीच निकडीची गोष्ट आहे.

यास्तव सुशिक्षित वर्गाला आमचे सांगणे थोडकेच आहे. निरोप पुढे धाडताना तीन गोष्टी लिहाव्यात: हे कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले. याला क्षणभर लागतो. आणि ज्या निरोपाला ही तीन उत्तरे नाहीत तो आपल्याच हाती थांबवावा. चुकीचा निरोप गेलाच, तर ज्या गटात तो गेला त्याच गटात तो चुकीचा असल्याचे स्पष्ट सांगावे. त्यात मानहानी नाही. जिल्हा प्रशासनानेही हे ओळखावे की, अधिकृत शब्द जेथे उशिरा पोहोचतो तेथे अफवा त्याची जागा घेते. पावसाळ्यात धरणे, नद्या आणि घाट यांची स्थिती ठरलेल्या वेळी, अधिकाऱ्याच्या नावानिशी आणि वेळ घालून प्रसिद्ध व्हावी. आणि मनोरे बंद पडले तर तीच सूचना ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून, प्रसंगी दवंडीने, वाडीवाडीत पोहोचेल अशी दुसरी वाट पावसाआधी तयार असावी.

एरवी जो माणूस वाण्याच्या दुकानी दुसऱ्याच्या उधारीला जामीन राहण्यापूर्वी दहादा विचार करतो, त्याने अनोळखी माणसाच्या शब्दाला डोळे मिटून जामीन राहावे, हे त्याच्या शहाणपणाला शोभत नाही. राईनपाड्याला ती जामीनकी पाच निरपराध माणसांनी प्राण देऊन फेडली. आपल्या जिल्ह्यात तशी पाळी येऊ नये, याची काळजी तो निरोप ज्याच्या हातात येतो त्या प्रत्येकाने घ्यावयाची आहे.