टॉन्सिलनंतरची उलटी : काही पूर्वतयारी

टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर बालकांना उलट्या होणारच, असे घरोघरी गृहीत धरले जाते. प्रतिबंध न केल्यास निम्म्याहून अधिक मुलांना होणारा हा त्रास बराचसा टाळता येतो. गिळलेले रक्त, भूल आणि अफूवर्गीय वेदनाशामके ही त्याची प्रमुख कारणे. भूल असतानाच डेक्सामेथासोन व ऑन्डान्सेट्रॉन दिल्यास उलट्यांचे प्रमाण पुष्कळ घटते. आई-वडिलांना वा भावंडांना पूर्वी असा त्रास झाला असल्यास भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे.

पौड-मुळशीहून पहाटे पुण्यास निघणारे मूल चौविहार पाळत असेल, तर ते आदल्या सूर्यास्तापासून पाण्याविना असते. भुलीपूर्वी घन आहार किमान सहा तास वर्ज्य असतो. साधे पाणी मात्र सहसा दोन तास आधीपर्यंत चालते. अधिक काळ कोरडे ठेवल्याने उलटी टळत नाही, अशक्तपणा वाढतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रात्रीही पाणी व औषध लागते. म्हणून बालकाच्या पच्चक्खाणाचा विचार तारीख ठरतानाच डॉक्टर आणि गुरुमहाराज यांच्याशी बोलून करावा.

उलटीत एखाद्या वेळी जुने, काळसर रक्त दिसू शकते. ताजे लाल रक्त दिसल्यास, मग तो आठवा-दहावा दिवस का असेना, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.