सुरीला हिऱ्याची धार

मागच्या दिवाळीत लाल भोपळा चिरताना सुरी सालीवरून सटकली आणि डाव्या अंगठ्यात रुतली. तीन टाके पडले. सासूबाई म्हणाल्या, ‘‘सुरीला धार असती तर बोट वाचलं असतं गं!’’ तेव्हा बोलणे उफराटे वाटले, पण आहे ते खरेच. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोरात सुटलेला हात मग आवरत नाही.

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकातून ठिणग्या उडतात, ते बघायला मुलांना मजा वाटते. पण त्या उष्णतेने पात्याची पातळ कड फार तापली, तर पात्याचे ‘पाणी’ उतरते आणि धार टिकत नाही. हार्डवेअरच्या दुकानातला कार्बोरंडमचा दगड स्वस्त आणि चांगला. मात्र वापरून वापरून तो मधोमध खोलगट होतो.

म्हणून मी हिऱ्याची पट्टी आणली. नाव ऐकून दचकू नका, हे दागिन्यातले हिरे नव्हेत. कृत्रिम हिरा बनवल्याचे अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये जाहीर केले. तशाच कारखान्यात बनलेल्या हिऱ्याचे बारीक कण पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात बसवलेले असतात. काही दगडांत हे कण राळेत किंवा धातूत मिसळून चांगला जाड थर देतात, पण ते महाग. घरच्या सुऱ्यांना साधी पट्टी पुरते. आकडा जितका मोठा तितके कण बारीक. एका बाजूला ४००, दुसरीला १००० अशी दुहेरी पट्टी घ्यावी.

पट्टीखाली ओले फडके घाला, म्हणजे ती सरकत नाही. वर पाण्याचे चार थेंब टाका, तेल नको. पाते ३ सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ १ सेंटिमीटर उचला, की सुमारे २० अंशांचा कोन साधतो. पट्टीचा पातळ पापुद्रा कापायचा आहे अशा बेताने, धार पुढे ठेवून, मुठीपासून टोकापर्यंत सुरी ओढा. थोड्या वेळाने धारेच्या दुसऱ्या बाजूला बारीक खरखर लागते. बोट पाठीकडून धारेकडे नेऊन ती पाहा, धारेवरून कधीही फिरवू नका. खरखर लागली की बाजू बदला. शेवटी बारीक बाजूवर आलटून पालटून आठ-दहा हलके हात.

हलके म्हणजे खरोखरच हलके! पहिली पट्टी मी पाट्यावर चटणी वाटावी तशी दाबून वापरली. हिऱ्याचे कण निकेलमधून उपटून निघाले आणि दोन महिन्यांत पट्टी मधोमध गुळगुळीत झाली. पैसे पाण्यात! हाताचा भारच पुरे असतो. नवी पट्टी सुरुवातीला फार खरखरीत लागते, चार-सहा वेळा वापरली की सौम्य होते. ती बिघडली असे समजू नका.

काम झाले की साबण आणि जुन्या टूथब्रशने पट्टी घासून कोरडी करा. विळीसाठी मात्र उलटे करायचे. विळी पक्की धरून लहान पट्टीच पात्याच्या बाकावरून फिरवायची. पावाची दातेरी सुरी या पट्टीवर घासू नये.

धार आली का, ते पिकलेल्या टोमॅटोवर कळते. साल न दबता कापली गेली पाहिजे. सासूबाई अजूनही चिनी मातीची बशी उपडी करून तिच्या खरखरीत कडेवर सुरी घासतात आणि पाहुणे दारात असले की मीही तेच करते.