‘काही’ म्हणजे कोण?

सोमवारी, २७ जानेवारी २०१४ च्या रात्री, काँग्रेसचे तेव्हाचे उपाध्यक्ष राहुल गांधी यांनी ‘टाइम्स नाऊ’ या इंग्रजी वाहिनीवर अर्णब गोस्वामी यांच्यासमोर बसून सुमारे ऐंशी मिनिटे जी प्रश्नोत्तरे केली, त्यांवरचा लोकमताचा निकाल ती संपण्यापूर्वीच लागून गेला होता, आणि तो निकाल उपहासाचा होता. तोवर जवळजवळ दहा वर्षे लोकसभेचे सदस्य असलेल्या आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत आपल्या पक्षाच्या प्रचाराचे धुरीणत्व ज्यांच्याकडे आले होते अशा नेत्याची दूरचित्रवाणीवरील ही पहिलीच विस्तृत मुलाखत असल्यामुळे तिच्याकडे देशाचे डोळे लागावेत हे स्वाभाविक होते. परंतु त्या डोळ्यांनी जे टिपले आणि जे सुटू दिले, त्यांतील अंतर पाहून आमचे मन चार दिवस अस्वस्थ होते. प्रश्न कोणताही असो, उत्तरात माहितीचा अधिकार किती वेळा आला आणि स्त्रियांचे सक्षमीकरण किती वेळा आले, याची मोजदाद मंगळवारी सकाळपर्यंत मोबाइलवरून हातोहाती पसरली. नरेंद्र मोदी यांच्याशी समोरासमोर उभे राहण्याचे भय वाटते काय, या प्रश्नावर राहुल गांधींनी स्वतःचा उल्लेख तृतीय पुरुषात करून आधी हा मनुष्य कोण हे समजून घेतले पाहिजे असे सांगितले, त्याच्या नकला महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर आणि लोकलच्या डब्यांत झाल्या.

आमच्या टपालातही हाच सूर आहे. कोणी राहुल गांधींच्या सल्लागारांना दोष दिला आहे, कोणी मुलाखतकाराच्या चढ्या आवाजाला. कोणाला त्यांच्या साधेपणाची कणव आली आहे, तर कोणी अशा हाती देशाचा कारभार कसा सोपवावा अशी पृच्छा केली आहे. या ढिगात एक पत्र नांदेडहून आलेले आहे. लिहिणारे गृहस्थ शीख असून त्यांच्या घराण्याच्या चार-पाच पिढ्या सचखंड हुजूर साहिबच्या परिसरात गेल्या आहेत. आणि दखनी वळणाच्या पण स्वच्छ मराठीत, फुलस्केप कागदाच्या एकाच बाजूला त्यांनी जे लिहिले आहे, त्यात ना माहितीच्या अधिकाराचा उल्लेख आहे, ना सक्षमीकरणाचा. ‘काही म्हणजे कोण, एवढे त्यांना कोणी विचारील काय?’ हा त्या पत्राचा सारा मजकूर, आणि ‘काही’ या शब्दाखाली शाईने दोन रेघा ओढलेल्या आहेत.

ज्या उत्तरातील हा शब्द आहे, ते त्या ऐंशी मिनिटांतील सर्वांत गंभीर उत्तर होते. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत शिखांची जी कत्तल झाली, तिच्यात काँग्रेसच्या माणसांचा हात होता काय, असे गोस्वामी यांनी विचारले, आणि उत्तर निसटू लागले तेव्हा पुन्हा विचारले. त्या चिकाटीबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे. तेव्हा काही काँग्रेसजन बहुधा त्यात असावेत, त्यांच्याबाबत न्यायाची प्रक्रिया झालेली आहे, आणि तत्कालीन सरकार तर दंगल थांबविण्याचा यत्न करीत होते, अशा आशयाचे राहुल गांधी बोलले. क्षमायाचनेचा प्रश्न निघाला तेव्हा आपण त्या दंगलीत नव्हतो, हे त्यांनी सांगितले. हे खरेच आहे. त्या वेळी ते चौदा वर्षांचे होते, आणि आदल्याच दिवशी त्यांच्या आजीचा, इंदिरा गांधींचा, गोळ्यांनी देह पडला होता. त्या मुलाकडे कोणी कसलाही जाब मागत नाही. जाब मागितला जातो तो एका पक्षाच्या उपाध्यक्षाकडे, आणि ‘काही’ व ‘बहुधा’ हे दोन शब्द त्या पक्षाच्या वतीने एकोणतीस वर्षांनंतर दिले गेले आहेत.

ते शब्द ज्यांच्याविषयी उच्चारले गेले, त्यांचे स्मरण करणे अवश्य आहे. पूर्व दिल्लीतील त्रिलोकपुरी या वसाहतीच्या ३२ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये खाटा विणणारी, सुतारकाम करणारी, मोलमजुरीवर गुजराण करणारी शीख कुटुंबे राहत होती. समोरासमोरच्या दारांतून हात पुढे केला तर हातास हात लागावा इतक्या अरुंद त्या गल्ल्या. त्यांतून १ आणि २ नोव्हेंबर असे दोन दिवस जमाव फिरला, आणि दुसऱ्या दिवशी ‘इंडियन एक्स्प्रेस’चे दोन वार्ताहर तेथे पोचले तेव्हा त्यांना प्रेतांतून वाट काढावी लागली. पुरुषांना बाहेर ओढून, केस कापून, अंगावर रॉकेल ओतून जाळण्यात आले. एकट्या दिल्लीत सरकारी हिशेबानेच २,७३३ माणसे मेली. त्यांच्या विधवांना पुढे पश्चिम दिल्लीत टिळक विहार येथे सदनिका मिळाल्या. त्या वस्तीला लोक आजही विधवांची वसाहत म्हणतात, आणि तेथील गुरुद्वारात मृतांच्या छायाचित्रांनी भिंती भरलेल्या आहेत. लोकमान्यांचे नाव ज्या वस्तीला आहे तिची ही ओळख व्हावी, याचे आम्हां मराठी माणसांस विशेष दुःख वाटते.

जमावांजवळ मतदारांच्या आणि रेशनकार्डांच्या याद्या होत्या, असे साक्षीदारांच्या जबान्यांत नमूद आहे. कोणत्या घरात कोणते नाव राहते, हे मारणाऱ्यांना ठाऊक होते. मरणाऱ्यांची नावे भिंतींवर आहेत. या साऱ्या प्रकरणात ज्यांना नाव नाही असे एकच लोक आहेत, आणि त्यांच्यासाठी ‘काही’ हा शब्द योजिला गेला.

वस्तुतः त्यांनाही नावे आहेत, आणि ती शोधण्यास कोणत्याही मुलाखतकाराची गरज नव्हती. हत्याकांडाला महिनाही लोटला नव्हता, तोच, त्याच नोव्हेंबरात, पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या दोन संस्थांनी ‘दोषी कोण?’ अशा अर्थाच्या मथळ्याची इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली, आणि पीडितांनी ज्यांच्यावर आरोप केले त्या राजकीय पुढाऱ्यांची व पोलिसांची नावे तीत छापली. त्यानंतर न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा यांच्या आयोगापासून न्यायमूर्ती नानावटी यांच्या आयोगापर्यंत आयोग व समित्या बसत गेल्या, प्रतिज्ञापत्रांचे गठ्ठे दफ्तरी जमा झाले, लष्कर पाचारण करण्यात दिरंगाई झाली आणि पोलिसांनी कर्तव्यात कसूर केली हेही नमूद झाले. नानावटी अहवाल संसदेपुढे आल्यावर, ऑगस्ट २००५ मध्ये, पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी लज्जेने मान खाली घालून क्षमा मागितली. ती क्षमा खऱ्या अंतःकरणाची होती यात आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु काँग्रेसचे पुढारी जगदीश टायटलर यांच्याविरुद्धचा तपास बंद करण्याचा सीबीआयचा अहवाल बाजूला सारून पुढील तपासाचा हुकूम दिल्लीतील न्यायालयाला एप्रिल २०१३ मध्ये द्यावा लागला, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस त्याच पक्षाचे सज्जनकुमार हे खालच्या न्यायालयातून निर्दोष सुटले. प्रक्रिया झालेली आहे असे जेव्हा हा नेता म्हणाला, तेव्हा त्या प्रक्रियेचा हिशेब हा असा होता, आणि तो माहीत असलेला श्रोता हसू शकत नव्हता.

मुलाखत या शब्दाचा मूळ अर्थ भेट. पूर्वीच्या दरबारी व्यवहारात भेट निराळी आणि कैफियत निराळी असे: भेटीत नजराणे होत, कुशल विचारले जाई, माणसाचा डौल पाहिला जाई, कैफियत मात्र लेखी घेतली जाई, तिच्यात कोणी, केव्हा, कोणाच्या हुकुमाने काय केले हे नावनिशीवार लिहावे लागे. लोकशाहीत पुढाऱ्याला दूरचित्रवाणीवर बोलावण्याचे काही प्रयोजन असेल तर ते कैफियत घेणे हेच आहे. आम्ही प्रेक्षकांनी मात्र त्या प्रसंगाची भेट करून टाकली आहे. दिवाणखान्यात मुलगा दाखवावयास आणावा आणि तो अडखळला की आतल्या खोलीत कुजबुज व्हावी, त्या रीतीने आम्ही देशाचे नेते पाहू लागलो आहोत. तो बोलतो कसा, घाबरतो काय, एकच शब्द पुनःपुन्हा का वापरतो, हे गुणदोष अगदीच क्षुल्लक आहेत असे नव्हे. ज्याला उद्या विदेशी सरकारांशी बोलावयाचे आहे त्याची वाणी पारखावीच. परंतु ज्या दिवशी २,७३३ मृत्यूंविषयीचे उत्तर आणि उच्चारातील पुनरुक्ती या दोहोंपैकी पुनरुक्ती अधिक बोलली जाते, त्या दिवशी दोष केवळ उत्तर देणाऱ्याचा राहत नाही.

ही गोष्ट एकाच पक्षापुरती असती तर आम्ही इतक्या खेदाने लिहिले नसते. ऑक्टोबर २००७ मध्ये करण थापर यांनी नरेंद्र मोदी यांना ‘सीएनएन-आयबीएन’साठी प्रश्न विचारावयास आरंभ केला, आणि २००२ च्या गुजरातेतील हत्याकांडाविषयी खेद व्यक्त का करीत नाही या प्रश्नापाशी अवघ्या काही मिनिटांत ती मुलाखत थांबली, मोदींनी पाणी मागितले, अंगावरचा ध्वनिग्राहक काढला आणि ते उठले. २०१४ च्या निवडणुकीत ते भारतीय जनता पक्षाचे पंतप्रधानपदाचे उमेदवार होते, आणि ती चित्रफीत आजही फिरते. पण काय म्हणून फिरते? विरोधक त्यांना पळपुटे ठरविण्यासाठी ती दाखवितात, भक्त त्यांनी उद्धट पत्रकाराला धडा शिकविला म्हणून दाखवितात, आणि पाण्याच्या त्या पेल्याची जितकी चर्चा झाली तितकी मूळ प्रश्नाची झाली नाही. गोध्र्याला रेल्वेच्या डब्यात ५९ माणसे जळाली आणि त्यानंतरच्या दंगलींत, केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे, ७९० मुसलमान व २५४ हिंदू मारले गेले. त्यांच्याविषयीचा प्रश्न त्या दिवशी ज्या टेबलावर अनुत्तरित राहिला, तेथेच तो आहे. आता एका पक्षाचा माणूस चौऐंशी म्हणाला की दुसऱ्याने दोन हजार दोन म्हणावे, आणि दुसरा तसे म्हणाला की पहिल्याने चौऐंशीकडे बोट करावे, असा क्रम पडून गेला आहे. राहुल गांधींनीही सोमवारी दोहोंतील फरक सांगण्यातच आपली शक्ती वेचली.

आणि मुंबई? डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये या राजधानीत दंगलींत ९०० माणसे मेली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी पाच वर्षे साक्षी नोंदवून १९९८ मध्ये जो अहवाल दिला, तो तेव्हाच्या युती सरकारने अमान्य केला. आणि अंमलबजावणीचे आश्वासन देऊन जे १९९९ पासून २०१४ पर्यंत सत्तेवर होते, त्यांनी तो कपाटात ठेवला. त्या अहवालात माणसांची आणि पोलीस अंमलदारांची नावे आहेत. मराठी वाहिन्यांवर रोज रात्री मुलाखती होतात, या दोन्ही बाजूंचे पुढारी त्यांत हसतमुखाने बसतात, जागावाटपाविषयी त्यांना तासन्‌तास विचारले जाते. श्रीकृष्ण अहवालाच्या एका पानाचे नाव घेऊन त्यांच्यापैकी किती जणांना किती वेळा प्रश्न केला गेला, हे आमच्या व्यवसायबंधूंनी, आणि आम्हीही, छातीवर हात ठेवून सांगावे.

गुरुवारी, ३० जानेवारीस, दिल्लीत अकबर रोडवरील काँग्रेसच्या कचेरीबाहेर शीख निदर्शक जमले. त्यांना मुलाखतीतील इंग्रजीशी, हावभावांशी कर्तव्य नव्हते. ते नावे मागत होते. पोलिसांनी अडसर उभे केले, झटापट झाली, आणि रात्रीच्या बातम्यांत ती झटापट दिसली. त्यात निवडणूक जवळ आल्याचा वास काहींना येईल, आणि अकाली दलाचा त्यातील हिशेब आम्हांसही दिसतो; दिल्लीचे तेव्हाचे नवे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी त्याच आठवड्यात विशेष तपास पथकाची मागणी उचलली, तिचाही काळ तोच आहे. तथापि मागणी करणाऱ्याचा हेतू मिश्र असला म्हणून मागणी खोटी ठरत नाही, आणि सोमवारच्या मुलाखतीवर या देशात उमटलेल्या सहस्रावधी प्रतिक्रियांमध्ये उत्तराचा आशय ऐकून उमटलेली प्रतिक्रिया आम्हांस मुख्यतः तेथेच दिसली. राहुल गांधींना ‘काही’ हा शब्द उच्चारता आला, हे त्यांच्या पक्षाच्या आजवरच्या मौनाहून एक पाऊल पुढचे आहे असे आम्ही मानतो. त्यांनी दुसरे पाऊल टाकावे: ज्यांना ते या शब्दात मोजतात त्यांची नावे, जी माहिती त्यांच्यापाशी आहे तिच्यासह, तपास यंत्रणेस द्यावी, आणि अशी माहिती नसेल तर ‘बहुधा’ कशाच्या आधारे म्हटले ते सांगावे.

नांदेडच्या गृहस्थांचे पत्र रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रव्यवहारात पहिल्या स्थानी येईल. मजकुरातील शब्दाखाली दोन रेघा ओढण्याची आमच्या छापखान्याची रीत नाही. या एका पत्रापुरत्या त्या ओढल्या जातील.