जात्याचा टीपॉय

जात्यावर काच ठेवून त्याचा टीपॉय करणे ही हल्लीच्या गृहशोभेतली मोठी युक्ती समजली जाते. काचेवर चहाचे पेले, काचेखाली जाते, आणि जिथे मुठीने धान्य वैरायचे त्या तोंडात एक प्लॅस्टिकचे फूल! पाहुणे ‘वा!’ म्हणतात, यजमानीणबाई ‘अँटिक आहे’ म्हणतात आणि विषय संपतो. मला तो तिथे संपू द्यायचा नाही. नरकचतुर्दशीला कारीट चिरडून त्याचा कडूपणा जिभेला लावण्याची आपल्याकडे रीत आहे. वाचकांनी माझे हे चार शब्दही फराळाआधी तसेच घ्यावेत.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. नव्या घरात जुनी वस्तू ठेवू नये, असे मी म्हणत नाही. उलट, सगळेच नवे असलेले घर मला दुकानासारखे वाटते. पांढऱ्या भिंतीशी काळसर सागवानी फडताळ शोभते, आणि पितळी कड्यांच्या झोपाळ्याने चौथ्या मजल्यावरच्या दिवाणखान्यालाही घरपण येते. जुन्यानव्याच्या मिश्रणाशी माझे भांडण नाही. वस्तूची जीभ कापून तिला शोभेला बसवण्याशी आहे.

जात्याचेच पाहा. पहाटेच्या अंधारात त्याचा खुंटा धरून बाया घरादाराच्या भाकरीचे पीठ काढीत, आणि दळता दळता ओवी गात. गी पॉयतेवँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. माहेरची ओढ, सासरचा जाच, लेकराचे कौतुक, विठ्ठलाशी भांडण, सारे त्यांत आहे. पुढे पिठाची गिरणी आली आणि बायांच्या पाठी सुटल्या, हे फार चांगले झाले. जाते पुन्हा फिरवा, असे कोणी शहाणा सांगणार नाही. पण ज्या दगडाने पिढ्यान्‌पिढ्या खांदे मोडले, त्याला ‘रस्टिक लुक’ म्हणायचे आणि त्यावर बिस्किटांची बशी ठेवायची, याला मी रसिकता कशी म्हणू?

तांब्यापितळेची कथा निराळी, पण तितकीच विनोदी. स्टेनलेस स्टील आले तेव्हा आपण बंब, घंगाळे, हंडे आणि कळश्या अक्षरशः मोडीत काढल्या. आता तीच भांडी मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, घासाघीस करून परत आणतो. विकताना वजनाने, घेताना वयाने! त्यातले वय तरी खरे असते का? नव्या पितळेला आम्ल लावून काळे करता येते. चकचकीत कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन तर कित्येकदा कालपरवा जुळवलेले असतात. तबकडी लावली की बिंग फुटते. म्हणून कोणी लावीत नाही.

इथवर हसण्यावारी नेता येईल. वाड्यांचे मात्र तसे नाही. सुरूच्या घाटाचे खांब, केळफुले, महिरपी आणि दारावरची गणेशपट्टी एखाद्या फ्लॅटमध्ये येतात, तेव्हा कुठेतरी एक घर पडलेले असते. वाडे पडण्याची कारणे मला ठाऊक आहेत: दहा वारसांचे दहा हिस्से, १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यापासून गोठलेली भाडी, दुरुस्तीचा न पेलणारा खर्च. ‘मग निदान खांब तरी वाचला ना?’ असे विचारणाऱ्याला मी मान देतो. जळणात जाणारे लाकूड वाचवणे हे पुण्यच आहे. पण वाड्याच्या डागडुजीला कोणी पैसा देत नाही आणि सुट्या दरवाजाला मागाल ती किंमत मिळते, तेव्हा पहार लवकर चालते, हेही तितकेच खरे. गिऱ्हाईक आपले हात धुऊन मोकळे होऊ शकत नाही.

देवांच्या मूर्तींबद्दल तर बोलायलाच नको. देवळीतला देव दिवाणखान्याच्या कोपऱ्यात येतो आणि त्याच्यावर रंगीत प्रकाशाचा झोत पडतो. तो कुठल्या देवळातून निघाला, हे विचारणे मात्र असभ्यपणाचे ठरते! १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या दगडी व धातूच्या मूर्तींची नोंदणी करावी लागते, आणि अशा वस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. दुकानदाराने कागद दाखवला नाही, तर देवाला नमस्कार करून बाहेर पडावे.

जुन्या वस्तूंवर प्रेम कसे करावे, ते पुण्यात दिनकर केळकरांनी दाखवून दिले. अडकित्ते, दिवे, वज्र्‍या, स्वयंपाकाची भांडी, अशा घरगुती वस्तू त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि बालपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने संग्रहालय उभे केले. पुढे तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. तिथे अडकित्ता अडकित्ता म्हणूनच मांडलेला आहे. त्याला कोणी कागदावरचे वजन केलेले नाही.

आपण काही केळकर होणार नाही. पण तीन गोष्टी करता येतील. वस्तूला शक्यतो तिचेच काम द्यावे: समईला भोक पाडून विजेचा दिवा बसवण्याऐवजी तेलवात घालावी, आणि पातेल्याला कल्हई करून त्यात आमटी उकळावी. कामच उरले नसेल, तर ती न कापता, न रंगवता ठेवावी. आणि दहा परक्या वस्तूंपेक्षा घरची एक बरी. यंदा माळा आवरताना आजीचे घंगाळ हाती लागले, तर ते छत्र्या ठेवायला दाराशी नेऊ नका. चिंचेने घासा, ऊन पाणी भरा आणि मुलांना त्यातून अभ्यंगस्नान घाला.

मग पाहुण्याने ‘हे काय हो?’ म्हणून विचारले, तर उत्तर तुम्ही देऊ नये. घरातल्या सर्वांत लहान मुलाला देता यावे. त्याला ते आले, तर तुमचे घर सजले असे मी म्हणेन.