विश्रांतीचीही मात्रा लिहावी

औषध लिहून देताना आपण वैद्यकीय व्यावसायिक मात्रेइतकेच दोन मात्रांमधील अंतरही काटेकोरपणे नमूद करतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र ‘रोज अर्धा तास व्यायाम करा’ एवढे सांगून मोकळे होतो. हा सल्ला अपुरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीव्र व्यायामात थकवा किती येणार, हे श्रम आणि विश्रांती यांच्या विभागणीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

याचा पुरावा जुनाच आहे. १९६० साली स्टॉकहोम येथील इर्मा ऑस्ट्रँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाच्या सायकलवर सुमारे ३५० वॅटचा भार अखंड पेलताना व्यक्ती नऊएक मिनिटांत पूर्ण थकली. तोच भार तीन मिनिटे श्रम व तीन मिनिटे विश्रांती या क्रमाने दिला, तेव्हा तासाभराचे काम कसेबसे पुरे झाले. अर्धे मिनिट श्रम व अर्धे मिनिट विश्रांती असा क्रम ठेवताच मात्र ते सहज पार पडले आणि रक्तातील लॅक्टेटही थोडेच वाढले. एकूण श्रम तेवढेच, एकूण विश्रांतीही तेवढीच. बदलली ती केवळ विभागणी.

यामागील शरीरक्रिया आपणांस परिचित आहे. अल्पकालीन श्रमात स्नायू मायोग्लोबिनमधील प्राणवायू व फॉस्फोक्रिएटिन यांची शिल्लक वापरतो आणि विरामात ती भरून काढतो. श्रम लांबला की शिल्लक सरते, ग्लायकोलिसिसवर ताण येतो आणि फॉस्फेट व हायड्रोजन आयन साचून स्नायूचे बळ घटते. पूर्ण रित्या झालेल्या फॉस्फोक्रिएटिनला पूर्ववत होण्यास काही मिनिटे लागतात.

१९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी अभ्यासलेल्या पद्धतीत वीस सेकंद श्रमानंतर केवळ दहा सेकंद विश्रांती होती. तेथे विश्रांतीचा अपुरेपणा हेतुपुरस्सर होता आणि प्रयोगात सहभागी झालेले सुदृढ तरुण होते. आज तीच पद्धत पन्नाशीतील मधुमेही गृहस्थ भ्रमणध्वनीवर पाहून आरंभतात, ही मला चिंतेची बाब वाटते.

तीव्र व्यायामास माझा विरोध नाही. २००७ साली नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांनाही चार-चार मिनिटांच्या तीव्र व्यायामाचा लाभ झाला. मात्र त्या प्रत्येक टप्प्यानंतर तीन मिनिटे सौम्य हालचाल होती आणि तज्ज्ञांची देखरेखही होती. पुढे २०१७ च्या बहुकेंद्री अभ्यासात ही पद्धत मध्यम व्यायामाहून सरस ठरली नाही, हेही ध्यानी ठेवावे.

म्हणून सभासद बंधुभगिनींना माझी विनंती आहे. रुग्णाची हृदयतपासणी करून चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात : श्रमाची तीव्रता, त्याचा काळ, मधली विश्रांती आणि आवर्तने. नवशिक्यास आरंभी श्रमाच्या किमान दुप्पट विश्रांती द्यावी आणि श्वास स्थिर होऊन पूर्ण वाक्य बोलता येईपर्यंत पुढचे आवर्तन नको, असे बजावावे. विश्रांती म्हणजे आळस, ही समजूत दूर करणे हे आपलेच काम आहे.