पहिली ऑर्डर कोण देणार?

या स्तंभाच्या निमित्ताने नवे उद्योजक भेटतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न गुंतवणूकदाराचा असतो. कुणाला भेटू, किती टक्के भागीदारी देऊ, सादरीकरणात काय दाखवू? गिऱ्हाईक कुठे मिळेल हे विचारणारे थोडेच. मला हा क्रम उलटा वाटतो. तंत्रज्ञानातली नवी कंपनी तगते ती पहिल्या रोख ऑर्डरवर. ती ऑर्डर देणारा माणूस आपल्याकडे फार दुर्मीळ आहे.

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळूरला गेली. पुणेकर आजही त्याबद्दल हळहळतात. पण तिचा देशातला पहिला ग्राहक, मायको ही कंपनी, बंगळूरची होती. कंपनी ऑर्डरच्या मागे गेली.

आणि जी पुण्यातच राहून वाढली, त्या क्विक हीलकडे पाहा. रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. पुढे स्वतःचं दुकान टाकलं, तिथे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्या काळी व्हायरस फ्लॉपीतून पसरायचा. मायकलअँजेलो नावाचा एक तर ६ मार्चला जागा व्हायचा आणि हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भागच पुसून टाकायचा. ज्याचे हिशेब त्यात होते, तो व्यापारी घाबरून दुकानातच येणार! धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते. समोर आलेल्या मशीनमधला व्हायरस काढायला ते छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातून १९९५ मध्ये अँटिव्हायरस उभा राहिला. अडचण काय आहे, ती सुटली की नाही आणि त्याचे कुणी पैसे देईल का, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं दुकानातल्या काउंटरवरच मिळत होती. बाजाराचा वेगळा अभ्यास कुणाला करावा लागला नाही. सिक्वोया या गुंतवणूकदार संस्थेचे पैसे आले २०१० मध्ये, उत्पादन बाजारात येऊन पंधरा वर्षं झाल्यावर. शेअर बाजारात नोंदणी २०१६ ची.

आज कारखान्यासाठी किंवा महापालिकेसाठी काही बनवणाऱ्या मुलांना असा काउंटर नाही. त्यांची गाठ पडते खरेदी खात्याशी. तिथे तीन वर्षांची उलाढाल मागतात, आधीच्या कामाचा दाखला मागतात. ज्याला पहिलं काम हवंय त्याने आधीच्या कामाचा दाखला आणायचा कुठून? नाहीतर ‘आधी फुकट वापरून बघू’ म्हणतात. फुकट वापरून बघणाऱ्याला निर्णयाची घाई नसते. सहा-आठ महिने तसेच जातात आणि तोवर पगाराचे पैसे संपतात.

सरकारने वाट काढलेलीच नाही, असं नाही. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाची (डीपीआयआयटी) मान्यता असलेल्या स्टार्टअपना केंद्राच्या खरेदीत पूर्वानुभव, उलाढाल आणि अनामत रकमेच्या अटींतून सूट मिळते. महाराष्ट्राने २०१८ मध्ये स्टार्टअप सप्ताह सुरू केला. त्यात निवडलेल्या कंपन्यांना बक्षिसाचा चेक मिळत नाही; सरकारी खात्यांकडून कार्यादेश मिळतो, सुरुवातीला तो प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचा होता. मला ही कल्पना अनुदानापेक्षा कितीतरी मोलाची वाटते, कारण त्या कागदावर पुढचं गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. फक्त निवड दर वर्षी दोन डझनांच्या आसपास असते. राज्याचा आकार पाहता ती फार तोकडी आहे.

बिलाचे पैसे वेळेवर मिळणं हा या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. आता मुदतीत न दिलेल्या रकमेची प्राप्तिकरातली वजावटही खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. तरी छोटा पुरवठादार तक्रार करायला कचरतो. एकुलतं एक मोठं गिऱ्हाईक दुखवायची कुणाची हिंमत होणार? निदान लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी पहिल्याच दिवशी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा, एवढं मी नव्या मंडळींना आवर्जून सांगतो.

पण माझं खरं मागणं चाकण, भोसरी, सातपूर, वाळूजच्या कारखानदारांकडे आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांना कुणीतरी मोठ्या कंपनीने पहिल्या सुट्या भागांची ऑर्डर दिली होती, म्हणून आजचा कारखाना उभा आहे. यंदाच्या खरेदीत एक काम जवळच्या एखाद्या नव्या कंपनीला द्या. छोटं द्या, पण पैसे मोजून द्या आणि बिल ४५ दिवसांच्या आत चुकतं करा.